गर्दीसाठी बांधणाऱ्या अहिल्याबाई

शेवटची ओरल संपली की होस्टेलच्या पॅसेजमध्ये एकच विषय निघतो. कुठं जायचं? वर्षभर ज्यांना सबमिशनची तारीख चार वेळा सांगूनही आठवत नाही, ती पोरं अशा वेळी कुठल्या फाट्यावर वळायचं आणि कुठल्या धाब्यावर थांबायचं हे तोंडपाठ सांगतात. भंडारदरा म्हणा, शिर्डी म्हणा, चांदबीबी महाल तर हाताशीच. आणि हल्ली सगळ्यात जास्त मतं पडतात ती वॉटरपार्कला नाहीतर थीम पार्कला. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा आपल्याकडच्या बहुतेकांना असलं काही असतं हेच नवीन होतं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आणि आता तर आपल्या शिर्डीतही सकाळी दर्शन, दुपारी पाण्यात उड्या असा कार्यक्रम होऊ लागला आहे.

पण मे महिन्यातला शनिवार-रविवार म्हणजे गर्दी. शाळेला सुट्टी, ऑफिसला सुट्टी, मामाच्या गावाला आलेली भाचरं, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे एकाच दिवशी एकाच गेटवर. मग तिकिटाची रांग, लॉकरची रांग, वडापावची रांग, आणि शेवटी पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची रांग.

अशीच एक गर्दी आपल्या जिल्ह्यात मे महिन्याच्या शेवटी होते. तिथे राइड नाहीत, वेव्ह पूल नाही. जामखेड तालुक्यातलं, सीना नदीच्या काठावरचं चौंडी हे गाव. दर ३१ मेला तिथे लांबलांबून माणसं येतात, कारण ३१ मे १७२५ ही अहिल्याबाई होळकरांची जन्मतारीख. २०२५ मध्ये या जन्माला ३०० वर्षं झाली. त्या वर्षी ६ मेला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा चौंडीत झाली होती. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या सवयीने आपण अजून नगरच म्हणतो ते वेगळं!

आता तुम्ही म्हणाल, अहिल्याबाई आम्हाला माहीत आहेत की. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शिवलिंग. शाळेत निबंध लिहिलाय, भाषण ठोकलंय, बक्षीसपण घेतलंय. बरोबर आहे. पण मी सिव्हिलचा विद्यार्थी. त्यांचं चरित्र परत वाचताना मला त्या फोटोतल्या बाईंपेक्षा एक वेगळीच बाई दिसायला लागली. हजारो माणसं एकाच दिवशी एकाच जागी आली तर त्यांना काय काय लागतं, याचा आयुष्यभर विचार करणारी. ती गोष्ट सांगण्यासाठी हा लेख.

चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची ही मुलगी. ज्या काळात मुलींना अक्षरओळख करून देणं म्हणजे लोकांना नसता उद्योग वाटायचा, त्या काळात माणकोजींनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं. सांगतात ते असं, की मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीला मुक्कामाला थांबले, त्यांनी देवळात या आठ वर्षांच्या मुलीला पाहिलं आणि सून म्हणून पसंत केलं. पसंतीची गोष्ट कशीही असो, १७३३ मध्ये मल्हाररावांचा मुलगा खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचं लग्न झालं आणि सीनेकाठची पोर माळव्यात गेली. पुढे १७४५ मध्ये मुलगा मालेराव झाला, १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई.

मल्हारराव हे स्वतः मेंढपाळाच्या घरातून वर आलेले. घोड्यावर बसून सुभेदारी मिळवलेला माणूस. घराण्याचं मोठेपण हे नुसतं नावावर टिकत नाही, त्याला हिशोब लागतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. खंडेरावांचं लक्ष कारभारात फारसं रमेना, पण सुनेचं रमतंय हे या सासऱ्याने ओळखलं. वसुली कशी बघायची, पत्रव्यवहार कसा ठेवायचा, फौजेला दाणागोटा कसा पोचवायचा, हे सगळं अहिल्याबाई शिकत गेल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर ती इंटर्नशिपच, फक्त सर्टिफिकेट नव्हतं.

१७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे किल्ल्यावरून झालेल्या माऱ्यात खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. मुलगा गेला, आता सूनही गेली तर माझं कोण, अशी म्हाताऱ्याची अवस्था होती. अहिल्याबाई थांबल्या. तो एक निर्णय झाला नसता तर काशीपासून रामेश्वरपर्यंतच्या कितीतरी पायऱ्या आणि विहिरी झाल्याच नसत्या, हा विचार मनात आला की मला अजूनही कसंतरी होतं.

आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १७६५ मध्ये मल्हाररावांनी सुनेला पाठवलेलं एक पत्र इतिहासकारांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यात घरगुती असं काही नाही. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची होईल तेवढी तयारी कर, वाटेवर चौक्या बसव, अशा सूचना आहेत. म्हणजे ज्या बाईंना आपण फक्त पूजेला बसलेल्या बघतो, त्यांच्यावर तोफखान्याची तयारी आणि रस्त्याचा बंदोबस्त सोपवलेला होता. रस्ता आधी सुरक्षित करायचा आणि मग माणसं पुढे न्यायची, हा धडा तिथला असावा. पुढे तो त्यांनी फौजेसाठी नाही, तर यात्रेकरूंसाठी वापरला.

२० मे १७६६ ला आलमपूरला मल्हारराव गेले. मालेराव गादीवर बसला आणि १७६७ मध्ये तोही गेला. नवरा, सासरा आणि मुलगा, तेरा वर्षांत तिघंही. आणि दुखवट्याचे दिवस संपायच्या आत राजकारण सुरू. होळकरांचा जुना दिवाण गंगाधर यशवंत याने एखादं लहान मूल दत्तक घ्या आणि कारभार आमच्याकडे द्या, असा घाट घातला. त्याने पुण्याच्या राघोबादादांना बोलावणं धाडलं. दादा फौज घेऊन माळव्यात निघाले. अहिल्याबाईंनी एकीकडे शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांना पत्रं पाठवली, दुसरीकडे स्वतःच्या फौजेची तयारी केली आणि तिसरीकडे थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. बायकांची एक तुकडी त्यांनी उभी केली होती असंही सांगतात. बाईशी लढून जिंकलो तरी कौतुक नाही आणि हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही, हा हिशोब दादांना कळला. शेवटी मी तर फक्त दुखवट्याला आलो होतो, असं म्हणून दादा पाहुणे झाले! माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली आणि राज्यकारभार स्वतः बघायला सुरुवात केली. राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला. तिथून पुढे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं.

आता जरा विषयांतर वाटेल, पण आहे विषयातलंच. गेल्या मे महिन्यात आमचा आठ जणांचा ग्रुप भाड्याची गाडी करून एका वॉटरपार्कला गेला होता. नाव सांगत नाही, कारण कुठल्याही गावच्या पार्कला हेच दिसतं. आत मजाच मजा होती, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा आमचे ड्रायव्हरकाका सकाळी सोडलं त्याच जागी होते. पार्किंगमध्ये एक झाड नाही. प्यायच्या पाण्याचा नळ नाही. गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून बसलेले, आणि सावली सरकेल तसे तेही सरकत होते. त्यांच्यासारखे अजून वीस-पंचवीस ड्रायव्हर. आणि गेटसमोरच्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली एक कुटुंब. आजी, आई-बाप आणि दोन पोरं. तिकिटाचा दर बघून बापाने पोरांना आइस्क्रीम घेऊन दिलं होतं आणि ती सगळी जण कुंपणाबाहेरून वरच्या उंच घसरगुंड्या बघत बसली होती. आतल्या माणसाचा विचार कोणीतरी फार बारकाईने केला होता. पाण्याची खोली, ट्यूबचा आकार, लाइफगार्डची जागा, सगळं. बाहेरच्या माणसाचा विचार हा कुणाच्या ड्रॉइंगमध्येच नव्हता.

गंमत म्हणजे गर्दीचं हे गणित जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध थीम पार्कचंही पहिल्या दिवशी चुकलं होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. कडक ऊन होतं. खोटे पास छापून हजारो जादा माणसं आत शिरली. डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतायला लागल्या. आणि प्लंबरांचा संप होऊन गेलेला असल्यामुळे एकतर संडास पूर्ण होतील नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ, अशी वेळ आली. वॉल्ट डिस्नेनी संडास निवडले. निर्णय बरोबरच होता, पण तहानलेल्या गर्दीला वाटलं की शीतपेय विकण्यासाठी नळ मुद्दाम बंद ठेवले आहेत. त्यानंतर डिस्नेच्या लोकांनी रांग, सावली, पाणी, कचऱ्याचे डबे या गोष्टींचा एवढा अभ्यास केला की आज जगभरातले डिझायनर त्यांच्याकडून शिकतात. म्हणजे बघा, परीकथेतला किल्ला बांधणं सोपं, गर्दीला पाणी पाजणं अवघड!

आणि हेच अवघड काम अहिल्याबाई पावणेदोनशे वर्षं आधी करत होत्या. तेही तिकीट न लावता.

त्यांच्या बांधकामांची यादी काढली तर वहीची पानं पुरायची नाहीत. १६६९ मध्ये पाडलेलं काशीचं विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभं केलं. १७८३ मध्ये सोमनाथला नवं मंदिर बांधलं. १७८७ मध्ये गयेला विष्णुपद मंदिर. आपल्या शेजारच्या वेरूळला घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार. पंढरपूरला वाडा आणि राममंदिर. पण मंदिरांची नावं आपल्याला पाठ असतात. मला बोलायचंय ते मंदिराच्या बाहेर त्यांनी जे केलं त्याबद्दल. घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा, अन्नछत्रं, पाणपोया. म्हणजे देवाला जे लागतं त्यापेक्षा देवाकडे चालत येणाऱ्याला जे लागतं ते.

महेश्वरला मी घरच्यांबरोबर एकदा गेलो होतो. तिथला घाट बघून पहिला प्रश्न पडला तो हा की एवढ्या पायऱ्या कशाला? मग लक्षात आलं. नर्मदेचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं आणि पावसाळ्यात कितीतरी वर चढतं. पायऱ्या असल्या की पाणी कुठल्याही पातळीला असो, माणसाला पाण्याची कड सापडते. घाट लांबच लांब आहे, त्यामुळे पर्वणीच्या दिवशी एकाच चिंचोळ्या वाटेवर रेटारेटी होत नाही. मध्ये मध्ये सपाट चौथरे आणि बुरूज आहेत, म्हातारं माणूस तिथे टेकतं, बाई ओलं लुगडं वाळवते, पोरं खेळतात. आपण ज्याला क्राउड मॅनेजमेंट म्हणतो आणि पाच मार्कांसाठी पाठ करतो, ते तिथे दगडात करून ठेवलेलं आहे. बॅरिकेड नाही, शिट्टी मारणारा स्वयंसेवक नाही, तरी गर्दी आपोआप पसरते.

जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या नंतर काही वर्षांनी माळव्यात कारभार बघायला होता. लोक या बाईंबद्दल जे सांगतात ते त्याला आधी अतिशयोक्त वाटलं. म्हणून त्याने मुद्दाम चौकशी केली आणि १८२३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सगळं नोंदवलं. त्यात उन्हाळ्याबद्दल जे आहे ते वाचून मी थक्क झालो. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला माणसं नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर चालू असताना बाईंचा माणूस येऊन बैल थांबवायचा, त्यांना पाणी पाजायचा आणि पुढे जायचा. पाखरांना कोणी हाकलू नये म्हणून शेतंच्या शेतं विकत घेऊन ठेवलेली होती. थंडी सुरू झाली की म्हाताऱ्या-आजारी माणसांना कपडे वाटले जायचे. म्हणजे नुसतं बांधून मोकळं व्हायचं असं नाही, तिथे दरवर्षी ठरल्या वेळी माणूस उभा राहिला पाहिजे याची सोय.

ही सोय पैशाशिवाय होत नाही, आणि इथे त्या मला सगळ्यात हुशार वाटतात. होळकरांच्या दौलतीचे दोन भाग होते. एक सरकारी, त्यातून फौज आणि कारभार चालायचा. दुसरा खासगी, म्हणजे घरातल्या मुख्य स्त्रीच्या नावाने असलेल्या गावांचं उत्पन्न. हे पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने १७३४ मध्ये वेगळं करून दिलं होतं. गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. घाट, मंदिरं, अन्नछत्रं यांचा खर्च त्यांनी या खासगीतून चालवला. सरकारी तिजोरीतला पैसा धर्मादायाकडे नाही आणि धर्मादायाचा पैसा फौजेकडे नाही. तुकोजींकडून पैशाची मागणी यायची, कुरबुरी व्हायच्या, पण हिशोबाच्या वह्या वेगळ्या त्या वेगळ्याच. शिवाय ठिकठिकाणच्या कामांना देखभालीसाठी नेमणुका लावून दिल्या. आपल्याकडे पूल बांधला की उद्घाटन होतं आणि नंतर त्याच्या झाडझुडपाकडे कुणी बघत नाही. बाईंनी उद्घाटनापेक्षा देखभाल मोठी मानली. म्हणूनच तर त्यांच्या कितीतरी घाटांवर आजही पाय ठेवता येतो. इंदूरला १९६२ मध्ये याच खासगीचा ट्रस्ट झाला.

रस्त्यांचंही तसंच. विंध्य-सातपुड्याच्या वाटांवर भिल्ल वाटसरूंना लुटायचे. अहिल्याबाईंनी सुरुवातीला कडक कारवाई केली. पण पोट भरायला दुसरं काही नसलेल्या माणसाला किती वेळा पकडणार? मग त्यांनी वेगळाच करार केला. त्या वाटेने जाणाऱ्या मालावर भिल्लांनी ठरलेली छोटी रक्कम घ्यायची, तिला भिलकवडी म्हणत, आणि त्या बदल्यात वाटसरूच्या जिवाची आणि मालाची जबाबदारी भिल्लांचीच. चोरी झाली तर भरपाई त्यांनी करायची. लुटारूच रखवालदार झाला. बीओटी तत्त्वावर रस्ता म्हणजे काय हे आम्हाला सहाव्या सेमला शिकवलं, तेव्हा मला भिलकवडी आठवली.

आणि त्या हे सगळं राजवाड्याच्या पडद्याआड बसून करत नव्हत्या. रोज उघडा दरबार भरायचा. पहाटे उठून पूजा, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती, मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत लोकांची गाऱ्हाणी. रात्री पुन्हा कामाचे कागद. विणकरांना बोलावून त्यांनी महेश्वरला वसवलं, त्यातून महेश्वरी साडी जन्माला आली. तिच्या काठावरची नक्षी किल्ल्यावरच्या आणि घाटावरच्या कोरीव कामाशी आणि नर्मदेच्या लाटांशी नातं सांगते.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं फक्त जन्मापुरतं नाही बरं का. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी फिरत फिरत महेश्वरला गेले होते. सांगतात की एवढी चांगली वाणी तमाशात घालवण्यापेक्षा कीर्तनाला लाव, असं अहिल्याबाईंनी त्यांना सुचवलं आणि फंदी कीर्तनाकडे वळले. कलेच्या बाबतीत हा सल्ला बरोबर होता की नाही, यावर तुम्ही-आम्ही वाद घालू शकतो. मला तरी फंदींचा डफच जास्त जवळचा वाटतो! पण खुशामत बाईंना चालत नसे हे नक्की. माल्कमनेच नोंदवलंय की एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नंतर नर्मदेत सोडायला लावला. आजच्या फ्लेक्सच्या जमान्यात ही गोष्ट चौकाचौकात लिहून लावायला पाहिजे... पण मग तोही एक फ्लेक्सच होईल!

त्यांच्यावर टीका झाली नाही असं नाही. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या काळात इंग्रज आले. तेव्हा घाटांऐवजी तोफांवर खर्च केला असता तर, असं म्हणणारे आहेत. मला हा प्रश्न फालतू वाटत नाही. राज्य टिकवायला फौज लागतेच. पण त्या काळात तोफांवर खर्च करणारे राजे हिंदुस्थानात पुष्कळ होते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तहान लागते हे लक्षात ठेवणारे किती होते?

शेवटची वर्षं फार वाईट गेली. मुक्ताबाईचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. लुटारूंचा बंदोबस्त करेल त्याला मुलगी देईन, असा पण बाईंनी लावला होता आणि तो फणशांनी जिंकला अशी गोष्ट आहे. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी तिची विनवणी केली. जिने स्वतः सासऱ्याच्या शब्दाखातर चितेपासून पाऊल मागे घेतलं होतं, तिला आपल्या मुलीचं पाऊल मागे घेता आलं नाही. नर्मदेच्या काठावर, ज्या घाटावर त्यांनी हजारोंची सोय केली, तिथेच उभं राहून त्यांनी ते पाहिलं. नंतर तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. आणि मग पुन्हा दरबार, पुन्हा गाऱ्हाणी, पुन्हा हिशोब. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला. वय सत्तर.

या एवढ्या दुःखातून त्यांनी बांधकामं केली, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दुःख सगळ्यांनाच असतं. त्यातून विहीर प्रत्येकाकडून होत नाही. त्यांनी ठरवून, हिशोब मांडून, माणसं नेमून हे केलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि गंगेच्या घाटावर डुबकी मारणाऱ्या कितीतरी जणांना आजही माहीत नसतं की पायाखालची पायरी जामखेड तालुक्यातल्या एका पाटलाच्या मुलीने बसवली आहे.

तर मित्रांनो, या सुट्टीत वॉटरपार्कला जरूर जा. मीही येणार आहे. पण एक रविवार चौंडीसाठी ठेवा. तिथे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग शिल्पांतून उभे केलेले आहेत, गढी आहे, नदीकाठचं देऊळ आहे. ३१ मेला गेलात तर गर्दीची तयारी ठेवून जा. पाण्याची बाटली घ्या आणि तिथे पाणपोई कुठे आहे, सावली कुठे आहे, म्हातारी माणसं कुठे टेकतात, हे इंजिनिअरच्या नजरेने बघा. त्यांच्या गावात त्यांच्याच विषयाची परीक्षा आहे असं समजा.

आणि एक विनंती आपल्या कॉलेजसाठीही आहे. आपल्याकडेही दरवर्षी गर्दीचे दिवस येतात. ॲडमिशनच्या वेळी पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पारनेरहून आई-बाप पोरांना घेऊन पहिल्या एसटीने येतात. पोरगं आत रांगेत असतं, आणि ते दोघं ऑफिसबाहेरच्या पायरीवर, हातात कागदांची पिशवी घेऊन, दिवसभर. कँटीनमध्ये जायला त्यांना संकोच वाटतो. एक मांडव, चार बाक, दोन पाण्याचे माठ आणि संडास कुठे आहे ते सांगणारा एक मराठी बोर्ड, याला किती खर्च येईल? एस्टिमेट आम्ही सिव्हिलची पोरं काढून देतो. माठ रोज भरायची पाळी होस्टेलने आपसात वाटून घ्यावी, कारण बांधण्यापेक्षा भरत राहणं महत्त्वाचं. प्राचार्य सर आणि रेक्टर सर हे वाचत असतील तर त्यांनी विचार करावा. पुढच्या ॲडमिशनला पहिला माठ मी भरतो.